फॅमिली रूममधलं बघणं

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत कोपरखैरण्याला आमच्या आसपास सारखं कुठलं ना कुठलं नवं हॉटेल उघडायचं. वरच्या मजल्यांवर माणसं राहायला येण्याआधी खालच्या गाळ्यात इडल्या वाफवल्या जायच्या. बाहेर खाण्याची आम्हाला सवय नव्हती, पण ताईला बघायला येणाऱ्या तिसऱ्या स्थळासाठी बाबांनी हॉटेलच ठरवलं. आधीची दोन स्थळं घरी येऊन पोहे खाऊन गेली होती आणि त्यांचे नकार आमच्याआधी शेजाऱ्यांच्या तोंडी होते. "हॉटेलात कोण कशाला आलंय, कुणाला कळतंय?" बाबा म्हणाले.

वरच्या एसी फॅमिली रूममध्ये रंगाचा वास अजून ओला होता. काचांवर काळी फिल्म, त्यामुळे भर दुपारी आत तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटत होतं. शिरल्यापासून माझा जीव घाबरा झाला होता. मी ते एसीवर ढकललं.

मुलगा आणि त्याची आई, दोघंच आले होते. नोकरी चांगली, बोलणं गोड. वेटर आला तेव्हा ताई म्हणाली, "मला मसाला डोसा." मुलगा हसून वेटरला म्हणाला, "डोसा कॅन्सल. यांना सूप द्या." आवाज जराही चढला नाही. सगळं टेबलावर आलं तरी त्याची आई हात मांडीवर घेऊन बसली होती. "घे आता," तो म्हणाला, मग तिने चमचा उचलला.

घरी पोह्यांच्या बशा नेण्या-आणण्यात मुलगा धड दिसतही नाही. इथे तो अख्खा समोर बसला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण आम्ही पडलो मुलीकडचे. आई, बाबा आणि मी, आम्ही तिघंही ताईकडेच बघत होतो. सूप पिताना आवाज होतोय का, ओढणी घसरतेय का. आई तर टेबलाखालून तिला पाय मारत होती. आमच्याच मुलीची परीक्षा आम्हीच घेत होतो, याचा मला आजही संताप येतो.

हात धुवायला जाताना ताईने मला सोबत नेलं. बेसिनचा नळ मोठा सोडून म्हणाली, "मला या माणसाची भीती वाटतेय गं. मी बोलले तर बाबा म्हणतील, नखरे पुरे. तू सांग ना त्यांना, तुझं ऐकतात."

मी बारावीत होते, घरातलं शेंडेफळ. बाबा माझं खरंच ऐकायचे.

"सांगते," मी म्हणाले.

मी पुढे आले. टेबलाशी बाबा भलतेच खुशीत होते, आईस्क्रीमही मागवून झालं होतं. "काय मेव्हणीबाई," ते मला म्हणाले, "भावजी पसंत आहेत ना? तुम्ही हो म्हणा, की झालं."

तोही माझ्याकडे बघत होता, हसत, अजिबात घाई नसल्यासारखा. नंतर घरी सांगता येईल, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

"हो," मी म्हणाले.

आईने सुटकेचा निःश्वास सोडला. ताई माझ्या मागेच उभी होती, हात अजून ओलेच. माझ्या शेजारची तिची खुर्ची रिकामी होती. त्याच्या आईने सरकून जागा करून दिली, आणि माझ्याकडे न बघता ताई पलीकडे जाऊन त्यांच्यात बसली.