फुलांचा शनिवार

“मी दिसलो का?” मॅच संपली की तो हटकून हेच विचारायचा. मी “नाही” म्हटलं की खूश. “गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे चांगला खेळलो.”

जर्मनीत बॉनजवळच्या आमच्या इमारतीत तो वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचा स्पेनचा. गावातल्या छोट्या फुटबॉल क्लबात बचावफळीच्या पुढे खेळायचा. समोरच्यांचा हल्ला उभा राहायच्या आत मोडायचा, चेंडू जवळच्या माणसाकडे सोपवायचा, की याचं काम संपलं. क्रिकेटवर पोसलेल्या मला यात काय कौतुक करायचं तेच कळेना. पण तुम्ही एकदा मॅचभर फक्त अशा माणसाकडे बघत बसा. बाकीचे चेंडूमागे धावतात, हा चेंडू येणार तिथे आधीच जाऊन उभा असतो.

पोरवयात तो मोठ्या क्लबच्या अकादमीत होता. पहिल्या संघात जायच्या सुमारास गुडघा गेला. मग सायप्रस, मग ग्रीस, मग इथे. सगळीकडे एकेका वर्षाचा करार. बायको आणि मुलगी स्पेनमध्येच राहिल्या. दोघांच्या मोडक्या जर्मनमध्ये आमच्या गप्पा चालायच्या. “या वेळी दोन वर्षांचा करार दिला तर दोघींना घेऊन येतो,” तो म्हणायचा.

“आणि नाही दिला तर?” माझ्या बायकोने एकदा जेवताना विचारलं.

“मला दुसरं काहीच येत नाही,” असं म्हणून त्याने वाटीतली आमटी पिऊन टाकली.

तो गेल्यावर बायको हळहळली. “अरे, उगाच विचारलं मी.”

इथे एक रिवाज आहे. मोसमातल्या घरच्या शेवटच्या मॅचआधी क्लब सोडून जाणाऱ्या खेळाडूंना मैदानावर बोलावून फुलांचा गुच्छ देतात. याला क्लबने तोवर “बघू” एवढंच सांगितलं होतं. त्या शनिवारी मी जीव मुठीत धरून बसलो होतो. एकेकाचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. याचं नाव आलंच नाही.

संध्याकाळी तो दोन-दोन पायऱ्या चढत आला. त्या गुडघ्याने! “फुलं नाहीत! बघ, हात रिकामे!” बायकोने घाईघाईने शिरा केला. त्याने मुलीला फोन लावून तिच्या खोलीला कुठला रंग हवा ते विचारलं. ती पिवळा म्हणाली. दुकान बंद व्हायच्या आत हा जाऊन रंग घेऊन आला आणि रविवारी खोली रंगवूनही टाकली.

सोमवारी क्लबातून फोन आला. करार वाढवायचा नाही हे कधीच ठरलं होतं. त्याला सांगायचं राहून गेलं होतं, आणि गुच्छ मागवताना त्याचं नावही राहून गेलं होतं. मला इतका संताप आला की क्लबात जाऊन भांडावंसं वाटलं. तो मात्र “जाऊ दे, होतं असं,” म्हणाला. त्यानंतर कुठल्याच क्लबाने त्याला विचारलं नाही.

भाड्याचं घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात. निघायच्या दिवशी मी मदतीला वर गेलो. तीन भिंती झाल्या आणि मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं. तिने खोली दाखव म्हटलं असावं, कारण तो झटकन उरलेल्या पिवळ्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि हसत-हसत बोलत राहिला. तेवढी एकच भिंत तिला दिसत होती.

फोन ठेवल्यावर त्याने रोलर माझ्या हातात दिला.

“ही तू कर,” म्हणाला, आणि खोलीबाहेर गेला.