त्या क्लिपमध्ये जे दिसत नाही

रविवारी आमच्या वाडीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, पेढे... आणि फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. मी मान खाली घालून बसलो होतो, तर सूत्रसंचालक म्हणाला, बघा, किती विनम्र माणूस.

विनम्र कसला... लाजेने मान वर होत नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालवणजवळच्या एका बर्फ कारखान्यात मी सुपरवायझर आहे. त्याला लागूनच मासळी पॅक करायची खोली आहे. गेल्या महिन्यात भर दुपारी, बर्फ गोठवायला वापरतात त्या विषारी अमोनिया वायूचा पाईप फुटला आणि धोक्याचा भोंगा वाजला.

अशा वेळी काय करायचं, हे मीच सगळ्यांना घसा कोरडा होईपर्यंत शिकवलंय. फाटकाजवळच्या जांभळीखाली जमायचं, बस्त्याव माणसं मोजणार, आणि मास्क लावल्याशिवाय कोणीही परत आत जायचं नाही. बस्त्याव म्हणजे आमचा मशीन ऑपरेटर. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, आणि चर्चमध्ये गाताना ज्याचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा तो.

मीही जांभळीकडेच निघालो होतो. पण पॅकिंगच्या दाराबाहेर चपलांचे दोन जोड दिसले... पॅकिंगला असलेल्या सुलभाताईचा आणि तिच्या जावेचा. आत ओलं असतं, म्हणून बायका चपला बाहेर काढून गमबूट घालतात. चपला इथे म्हणजे दोघी आतच अडकल्या, एवढंच डोक्यात आलं आणि मी नाकाला रुमाल लावून आत घुसलो.

मागून बस्त्याव ओरडत होता म्हणे, "थांब रे, सगळी भायर आसत." भोंग्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. दोघी जावा मागच्या दाराने गमबुटांसकट कधीच बाहेर पडल्या होत्या.

कोणीतरी मोबाईलवर काढलेली क्लिप मी आत शिरतो तिथेच संपते. गावाने तेवढीच पाहिली आणि त्यावरूनच सत्कार ठरला.

पुढचं असं... क्षणात डोळे मिटले, श्वास अडकला आणि मी ओल्या फरशीवर आडवा झालो. मला शोधून, फरफटत बाहेर काढलं ते बस्त्यावने. तेही मास्कशिवाय. कारण मास्कच्या कपाटाची चावी माझ्या खिशात होती. कोणी उगाच हात लावू नये म्हणून कुलूप मीच घातलं होतं.

मी बरा होऊन कामावर आलो. मला शोधण्यात बस्त्याव जास्त वेळ आत राहिला, त्याच्या छातीत तो वायू बसला तो बसलाच. आता चर्चच्या पायऱ्या चढतानाही त्याला दम लागतो, गाणं तर बंदच आहे.

सत्काराला तो मागे बसून टाळ्या वाजवत होता. मधेच खोकत होता. आणि माईक हातात आल्यावर मी काय बोललो, तर "हे माझं कर्तव्यच होतं"... ते वाक्य आठवलं की अजून कुठे तोंड लपवू असं होतं.

संध्याकाळी शाल घेऊन त्याच्या घरी गेलो आणि चावीचं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालेल. त्याने शालीची नीट घडी घातली आणि परत माझ्याच हातात दिली.

"चावीचा माका म्हायत आसा," तो म्हणाला. "पयलो कपाटाकडेच धावलेलंय मरे."

मग दम घेऊन म्हणाला, "परत असो जाव नको रे. तू गेलंस काय माका येवचा लागतला... आणि आता माका धावाक जमाचा नाय."

मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाचं कुलूप काढून टाकलं. का काढलं, तेही सगळ्यांसमोर सांगितलं.

ती क्लिप अजून फिरतेय. पुढे पाठवणार असाल तर सोबत हेही पाठवा. रविवारी माईक हातात असताना जे नाव घ्यायला माझी जीभ उचलली नाही, ते इथे घेतो... मी आज आहे तो बस्त्यावमुळे.