गोमटेश मिस्त्रीची तपासणी

गोमटेश मिस्त्रीला एका जागी बसवत नसे. ऑइल इंजिनं बसवायची आणि बिघडलेली दुरुस्त करायची, हा त्याचा धंदा. आज शिरोळला कृष्णाकाठी, तर उद्या कोडोलीत. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या घरी जेवायला बसला तरी एक गुडघा हलत राही. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नव्हतं. घरात तो विषय निघाला की तो ताटावरून उठून बाहेर जाई.

ऐकून घ्यायला मागं राही ती त्याची बायको त्रिशला. सासू चिमणाबाई तिला उपास धरायला लावत, कुंभोजच्या डोंगरावर देवदर्शनाला अनवाणी पाठवत. एकोणीसशे चोपन्न साली त्यांनी मुलापुढं एका दुसऱ्या मुलीचं नाव काढलं.

"आता कायद्यानं चालत न्हाय त्ये," गोमटेश म्हणाला.

"कायदा काय घरात बघायला येतोय?"

आत त्रिशलानं हे ऐकलं. नवरा फक्त कायद्याचं बोलला, 'नको' म्हणाला नाही, हे तिला लागलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या धोंडुबाईला सोबत घेऊन ती राजारामपुरीत डॉक्टर सरोजिनीबाईंच्या दवाखान्यात गेली.

बाईंनी पाळीचं सगळं विचारलं, आतून तपासलं, रक्त घेतलं. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "आता गर्भाशयातून थोडा वायू सोडायचा. नळ्या बंद नसतील तर तो पोटात उतरेल. कळ येईल, पण ओसरेल. घाबरू नका."

कळ आली. त्रिशलानं धोंडुबाईचा हात घट्ट धरला. तपासणी संपून उठून बसली, तर उजव्या खांद्यात चमक निघाली. काहीतरी बिघडलं म्हणून ती रडायलाच लागली.

"खांदा दुखतोय? मग चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "वायू पलीकडं पोचला. वाट मोकळी आहे. आता नवऱ्याला पाठवा."

संध्याकाळी तिनं गोमटेशला सांगितलं. तो उसळलाच. "मला काय धाड भरलीया? दोघांचं वजन एकटा उचलतो मी!"

"अवं, इंजिन बंद पडलं तर निम्मंच खोलून बघता व्हय?"

तो तसाच निघून गेला. चार-पाच दिवस शिरोळलाच राहिला. परत आला तो दारातूनच म्हणाला, "काय काय करत्यात तिथं?"

सरोजिनीबाईंनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं. तीन-चार दिवस बायकोपासून लांब राहायचं. बाटली उकळून कोरडी करायची. नमुना घरीच घ्यायचा, अंगाच्या उबेत ठेवायचा आणि तासाच्या आत शाहूपुरीतल्या लॅबोरेटरीत पोचवायचा. "आणि एकाच तपासणीवर आम्ही काही ठरवत नाही. दोनदा बघू." गोमटेश मान खाली घालून नखांतलं काळं तेल कोरत राहिला.

ठरल्या दिवशी बाटली बंडीच्या आत ठेवून तो सायकलवर निघाला. बिंदू चौकात कोडोलीच्या हंबीररावांनी त्याचं हँडलच धरलं. त्यांच्या मळ्यातलं इंजिन यानंच बसवलं होतं.

"मिस्त्री, इंजिन नुस्ता धूर वकतंय. चला, चहा घिऊ."

"आज न्हाय. येतो की उद्या."

"अन् छातीला काय धरलंय?"

"औषध हाय!" असं ओरडून त्यानं हँडल सोडवून घेतलं. लॅबोरेटरीत पोचला तेव्हा घामानं निथळत होता. आत माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. बाहेर गोमटेश रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिला.

दोन्ही तपासण्यांत एकच निघालं. सरोजिनीबाईंनी दोघांना समोर बसवलं. "शुक्रजंतू फार थोडे आहेत, आणि त्यातलेही बरेच हलत नाहीत. लहानपणी गालगुंड झालं होतं का?"

"सोळाव्या वर्षी झालतं. खालीबी सूज आलती."

"त्यानं असेल. खात्रीचं औषध माझ्याकडं नाही. होणारच नाही असंही म्हणत नाही, पण खोटी आशा दाखवणार नाही."

घरी आल्यावर तो थेट पुढच्या सोप्यात गेला. चिमणाबाई धोंडुबाईशी बोलत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई, बिघाड माझ्यात हाय. हिला ह्यापुढं एक शब्द न्हाय."

"आरं, चारचौघांत असं सांगतं व्हय कुणी? लोक काय म्हणतील?"

"आठ वर्षं हिला म्हणतच हुते की."

त्यानंतर त्रिशलाचे उपास सुटले, पण गोमटेशची तगमग वाढली. वैद्य झाले, चूर्णं झाली, सांगलीला जाऊन पुन्हा तपासणी झाली. ज्या गावात कुणी पोराबाळांचं विचारी, तिथलं काम तो टाळू लागला. दोन वर्षांनी त्रिशलाच म्हणाली, "पुरं आता. मला पोर पायजे, पर तुमचं असं हाल करून न्हाय."

सत्तावन्न साली शिरोळला तिची भावजय बाळंतपणात गेली. मागं राहिलेली तान्ही मुलगी दोघांनी भावाच्या संमतीनं रीतसर दत्तक घेतली आणि तिचं नाव अरुणा ठेवलं. दत्तक घ्यायचं तर मुलगा घ्यावा, असं म्हणून चिमणाबाई दोन दिवस भिंतीकडं तोंड करून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्रिशला पोरीला न्हाऊ घालायला बसली, तशा त्या ओरडल्या, "पाणी किती कढत घेतलंस! सर तिकडं." आणि लुगडं वर खोचून, पाय पसरून त्यांनी अरुणाला स्वतःच्या पायांवर घेतलं.