रिकामी पाठ

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तेव्हा मी अबूधाबीजवळच्या मुसफ्फ्यात एका वर्कशॉपमध्ये खांद्यावरून लोखंडी पाइप वाहायचो. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी सुट्टीत हिमालयातला ट्रेक ठरवला, त्यांचा मित्र ऐनवेळी गळला, आणि मीही सुट्टीवर गावी होतो म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं.

पहिल्या सकाळी एका माणसानं तंबूच्या दाराशी चहा आणि तोंड धुवायला गरम पाणी आणून ठेवलं. ते कुणासाठी, मला कळेना. मी उचलून साहेबांकडे नेलं, तर त्यांचं वेगळं होतंच. मग सवयीनं तंबू गुंडाळला, स्टोव्हची टोपली पाठीला लावली आणि हमालांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. त्यांच्या मुकादमानं टोपली काढून घेतली, जरा रागानंच. "साब, आप आगे चलो."

पुढे चालून करायचं काय? वाटेतल्या गावांत लोक नमस्कार करायचे आणि मी मागे वळून साहेबांना शोधायचो. नुसती चिडचिड होत होती. रिकाम्या हातांचं काय करावं सुचेना, म्हणून ते खिशात घातले.

दुपारी माझी बॅग वाहणारा हमाल शेजारी येऊन बसला. मी अबूधाबीत असतो हे त्याला कळलं होतं. त्याचाही तिकडचा व्हिसा येणार होता.

"साब, उधर भी बोझा उठाना पडता है क्या?"

मी "नहीं" म्हणालो. का म्हणालो, ते आजही कळत नाही. घट्टे पडलेले हात मात्र खिशातच ठेवले.