साडेपाच तासांचा फरक

आयकर खात्याची नोटीस माझ्या नावावर होती, पण ती आली बायकोच्या ईमेलवर. आमच्या घरी दोघांचेही रिटर्न तीच भरते. चार वर्षं मी क्रिप्टोची खरेदी-विक्री करत होतो आणि रिटर्नमध्ये त्याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. पहिल्याच वर्षी हात पोळल्यावर मी तिला "बंद केलं" असं सांगून टाकलं होतं. खरं तर तेव्हापासून फक्त तिला सांगणं बंद झालं होतं.

ती ओरडली नाही. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात ती हिशेब बघते, त्यामुळे घोळ दिसला की तिचे हात आधी चालतात. "आधी कागद नीट लावू, मग बघू," एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही मल्लेश्वरमला एका सीएंकडे गेलो. त्यांचं तीन पिढ्या इथे राहिलेलं मराठी घर, त्यामुळे बोलणं मराठी आणि हेल पूर्ण कानडी. "कॉइन कुठनं आला, कधी आला, कधी गेला, सगळं एकाच फाइलीत घालून आणा," ते म्हणाले. "मध्ये स्वल्पसुद्धा भोक नको. सरी?" मी म्हटलं, मला तर एकूण तोटाच झालाय. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "टॅक्स नफ्याच्या सौद्यांवर बसतो. तोट्याचे सौदे त्यात वजा होत नाहीत. तो तोटा तुमचा तुम्हीच ठेवा."

मग सुरू झाली ती रेकॉर्ड उतरवून घेण्याची कटकट. माझी खाती तीन अ‍ॅपवर होती. एक अ‍ॅप एका वेळी फक्त तीन महिन्यांची फाइल देई, तीही ओटीपी आणि चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखून दाखवल्यावर. दिवसभर बेळ्ळंदूरच्या सिग्नलला अडकून घरी यायचं आणि पुन्हा सिग्नलच मोजायचे. दुसरं अ‍ॅप बंद पडलं होतं. त्यांना मेल लिहायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. तिसरं परदेशी होतं. त्याची फाइल सगळ्यात नीटनेटकी, फक्त वेळा लंडनकडच्या. आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे.

सगळ्या फायली जोडल्या तेव्हा तीन हजारांवर ओळी झाल्या. मी जेवढं केलं होतं ते सगळं त्यात होतं. मीटिंगमध्ये मान डोलावत केलेलं, मुलीच्या शाळेत पालकसभेला बसून केलेलं. वाचतानाच मला थकवा येत होता. एवढे उपद्व्याप करायला तेव्हा माझ्या अंगात बळ कुठून आलं होतं, देव जाणे.

बाकी सगळं तिने बघितलं असतं तरी चाललं असतं. मला लपवायचा होता एकच दिवस. दोन वर्षांपूर्वीचा, तिच्या ऑपरेशनचा.

तिच्या पोटातली गाठ काढायची होती. गाठ कसली आहे ते काढल्यावरच कळणार होतं. सकाळी साडेसातला आम्ही घरून निघालो, दहा वाजता तिला आत नेलं आणि पावणेबाराला मी फोन उघडला. बाजार गडगडत होता. थिएटरबाहेर नेटवर्क नव्हतं म्हणून मी खाली पार्किंगच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. पाचच मिनिटं, असं म्हणून बसलो आणि वर गेलो तो एक वाजता. तोवर ती शुद्धीवर आली होती, एकटीच. डॉक्टर येऊन, गाठ साधी दिसते आहे असं तिलाच सांगून गेले होते. मी म्हणालो, औषधांच्या दुकानात रांग होती.

त्या दिवसाच्या एकोणीस ओळी होत्या, सगळ्या परदेशी अ‍ॅपवरच्या. मी त्या उडवल्या. लगेच शिल्लकेचा रकाना लाल झाला, कारण जे मी घेतलंच नव्हतं ते दुसऱ्या दिवशी विकत होतो. खरेदी काढली तर विक्री उघडी पडत होती आणि विक्री काढली तर बँकेत आलेले पैसे. सीए म्हणाले होते ते भोक हेच. शेवटी ओळी परत ठेवल्या आणि त्या परदेशी फाइलीतल्या वेळा तशाच राहू दिल्या. रकान्याच्या वरची लंडनची खूण पुसून नुसतं "वेळ" लिहिलं. त्या हिशेबाने मी सकाळी सव्वासहा ते साडेसात या वेळात, घरून निघायच्या आधी, सौदे केले होते. निर्लज्जपणाच, पण निदान घरातला.

रविवारी सकाळी नाश्त्याच्या ताटल्या बाजूला सारून आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. ती लॅपटॉपवरच्या ओळी वाचत होती, मी बँकेच्या पासबुकाशी ताडून "बरोबर" म्हणत होतो. अर्ध्या तासाने ती थांबली.

"तू पहाटे साडेतीनला सौदे करायचास?"

"कधी कधी."

"कधी कधी नाही, रोजच. साडेतीन, चार, पाच. आठ वाजता तीन हाका मारल्याशिवाय तू उठत नाहीस." ती अजून हसत होती. "आमच्या कारखान्याच्या परदेशी पार्टीच्या कागदांत असंच असतं. ही वेळ आपली नाही रे."

तिने एक सूत्र टाकलं आणि त्या फाइलीतल्या सगळ्या वेळा एका झटक्यात साडेपाच तास पुढे सरकल्या. ती पुन्हा वाचू लागली. दुपारी त्या तारखेपाशी आली तेव्हा मी पासबुकात नजर खुपसून बसलो होतो. पहिली ओळ तिने मोठ्याने वाचली. पुढच्या अठरा मनातच वाचल्या.

"अकरा बावन्न ते एक," ती म्हणाली. "औषधांची रांग."

"हो."

"मला शुद्ध आली तेव्हा नर्सने विचारलं, सोबत कोणी नाही का. मी म्हटलं, नवरा आहे, माझ्यासाठी धावाधाव करतोय. तू आलास तेव्हा घसा कोरडा पडला होता माझा. तरी आधी तुला काय विचारलं, आठवतं?"

आठवत होतं. काही खाल्लंस का, असं विचारलं होतं तिने. आणि मी, नाही गं, वेळच कुठे मिळाला, असं म्हटलं होतं.

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. माफी मागायला मी तोंड उघडलं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "अजून हजारभर ओळी आहेत."

तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि पुढची ओळ वाचली. मी म्हटलं, "बरोबर."