कोपर सरळ होईना

मोडलेलं हाड दीड महिन्यात जुळतं. पण ते पुन्हा कामाला लावायला ज्या खोलीत जावं लागतं, तिथे किस्से असे साचतात की सांगायला बसलं तर चहा गार होतो. वणीत एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर आमचं फिजिओथेरपी सेंटर. चार पलंग, एक पंखा आणि कुठे ना कुठे मोडलेले आम्ही सगळे. मी तिथे तीन महिने रोज गेले. मला एका जागी बसवत नाही, त्यामुळे इतरांच्या पलंगाजवळ फिरून जरा जास्तच ऐकलं.

मी एसटीत कंडक्टर. झरी जामणीच्या गाडीवर बारा वर्षं उभी. अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला आणि उजव्या कोपरावर पडले. ऑपरेशन झालं, दोन स्क्रू बसले. प्लास्टर निघालं तेव्हा हात पूर्ण वाकेना आणि पूर्ण सरळही होईना. मेडिकल तपासणीत साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "वर घंटीच्या दोरीपर्यंत हात पोचला तर गाडीवर, नाहीतर ऑफिसात टेबलावर."

"डावा पोचते ना, साहेब."

"डाव्या हातात तिकिटाचं मशीन राहील. मग?"

टेबलावर बसायच्या कल्पनेनंच जीव घाबरा झाला.

*

पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी प्लास्टिकची कोनमापक पट्टी कोपराला लावली. मॅडम नागपूरच्या, वयानं माझ्याहून लहान, पण धाक सासूसारखा. म्हणाल्या, "सरळ व्हायला तीस अंश कमी आहेत. दोन-तीन दिवसांत एक मिळाला तरी खूप."

मी म्हटलं, "सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं नाही जमणार?"

"ताई, ते कोपर आहे. जादा फेरी नाही मारत."

*

व्यायामाआधी दहा मिनिटं गरम शेक असायचा. टायमर लावून मॅडम दुसऱ्या पेशंटकडे जायच्या. दहा मिनिटं हलायचं नाही! मला तिसऱ्या मिनिटालाच मुंग्या यायच्या. एक दिवस डाव्या हातानं हळूच टायमरचं बटण पुढे फिरवलं. घंटी वाजली, मी मोकळी झाले. चार दिवस हे सुखात चाललं.

पाचव्या दिवशी बाजूच्या पलंगावरचे बशीरभाई बोलले. ते कोळसा खाणीत डंपर चालवतात, त्यांचंही कोपरच. टायमर आमच्या दोघांत एकच होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमच्या घाईपायी माझं कोपर चार दिवसांपासून कच्चं राहून राह्यलं."

मॅडमनी टायमर उचलून बशीरभाईंच्या पलीकडे ठेवला.

*

हात तोंडापर्यंत पोचत नसे, म्हणून मी तोंडच ताटाकडे नेऊ लागले होते. घरी सगळ्यांना त्याची सवय झाली. मग नणंदेकडच्या लग्नात पंगतीला बसले. प्रत्येक घासाला मान खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. समोर वाढणारे भाऊ थांबले, जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, वांगे आजचेच हायेत. एवढा वास घेऊन कायले पाहून राह्यल्या?"

*

दोन महिने झाले तरी बारा अंश बाकीच होते. मला राग यायचा. हातावर, मॅडमवर, माझ्या गाडीवर गेलेल्या बदली कंडक्टरवरसुद्धा. एका रविवारी नवऱ्याला म्हटलं, "ओढा."

आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुंगीलाही वळसा घालून जाणारे. नाही नाही म्हणत होते. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून हात ओढला. मी अशी किंचाळले की शेजारच्या कमलताई धावत आल्या. मी जमिनीवर, माझा मोडका हात यांच्या हातात.

कमलताई दारातच थांबल्या. "जय भीम, सर," म्हणाल्या. "काही असन तं बसून बोला ना. दुखऱ्या हाताले कायले हात लावता?"

कोपर टरारून सुजलं, मिळवलेल्या अठरापैकी आठ अंश गेले. मॅडमनी पट्टी लावून फक्त "वीस" म्हटलं, ते जास्त लागलं. आमचे हे मात्र पुढचे आठ दिवस गल्लीत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "तिनंच ओढ म्हटलं होतं."

*

झरीकडच्या भीमाबाई टेकाम मोडलेला खांदा घेऊन आमच्यानंतर आल्या आणि आमच्याआधी बऱ्या झाल्या. दाराला टांगलेली कप्पी आणि दोर दाखवून मॅडम त्यांना म्हणाल्या, "हा रोज वीस वेळा ओढायचा."

भीमाबाईंनी दोराचं दुसरं टोक पाहिलं. त्याला काहीच नव्हतं. "पाणी कुठं हाये?"

"पाणी नाही, आजी. हा व्यायाम आहे."

"मंग रिकामा दोर ओढाले मी दोन गाड्या बदलून कायले येऊ? माह्या विहिरीवर ओढतो ना!"

मॅडमनी हसून आधी रिकामा दोर, मग अर्धी बादली, असं ठरवून दिलं. पुढच्या आठवड्यात मी आणि बशीरभाई वणीत विहीर शोधत फिरत होतो. सापडल्या त्या सगळ्यांवर जाळी होती.

*

पुन्हा तपासणी ठरली. आदल्या दिवशी पट्टीवर सहा अंश कमीच. मॅडम म्हणाल्या, "उद्या नाही झालं तर पुढच्या महिन्यात." स्टँडवर येऊन आमच्या फाट्याकडे जाणारी गाडी धरली. जागा होती, तरी दाराजवळ उभी राहिले. डोक्यात फक्त ते टेबल.

फाटा आला. तिघं उतरले. एक म्हातारी बोचकं घेऊन चढत होती. तिला आत घेतलं, बोचकं सीटखाली सरकवलं, दार ओढून लावलं. टण टण. गाडी निघाली.

मागच्या गर्दीतून कंडक्टर ओरडले, "डबल बेल कोणं देल्ली?"

सगळी गाडी माझ्याकडे पाहायला लागली. मी वर पाहिलं. घंटीची दोरी माझ्या उजव्या हातात होती.

कंडक्टर वाट काढत पुढे आले, तिकीट पाहिलं. "बाई, तुमाले तं याच फाट्यावर उतराचं होतं ना? मंग गाडी काहून सोडली?"

"पुढं उतरतो, भाऊ," मी म्हटलं. "आधी हा हात पाहा. सरळ हाये का?"