पेट्रोलच्या टाकीवरचा लाखेचा शिक्का

१३५३ फसली, बहमन महिन्याची पहिली तारीख; इंग्रजी हिशेबानं १९४३ चा डिसेंबर. रक्कम छत्तीस रुपये हाली, म्हणजे निजामाच्या टांकसाळीचे. हजर: वकीलसाहेब, कापडवाले चाचा, मी आणि आमचा ड्रायव्हर. जागा धाराशिवच्या मोटारस्टँडसमोरचं चहाचं हॉटेल. तिथं आम्ही तिघा मालकांनी ड्रायव्हरचा महिन्याचा पगार, म्हणजे वर लिहिलेली रक्कम, अडकवून ठेवला. आरोप पेट्रोलच्या चोरीचा होता, आणि तो आम्ही चारचौघांत, बऱ्यापैकी मोठ्या आवाजात केला.

तिघा मालकांना एक मोटार कशी, ते आधी सांगतो. मोटार एका जागीरदाराची होती. त्यांनी ती वापरून वापरून कंटाळून विकली आणि आम्ही तिसरा-तिसरा हिस्सा घालून घेतली. वकीलसाहेबांना तालुक्याच्या कचेऱ्यांत फिरायचं असे, चाचांना सोलापूरहून कापड आणायचं असे आणि माझी धान्याची आडत असल्यामुळं मला आठवड्यातून एकदा कळंबचा बाजार असे. एकट्याला मोटार परवडत नव्हती. तिघांना परवडेल असं आम्हाला वाटलं.

मोटार दिसायला झकास होती. डावीकडं वळताना उजवा दरवाजा आपोआप उघडे, म्हणून त्या बाजूला बसणाऱ्यानं तो धरून बसायचं. भोंग्याचं रबर फाटलेलं, म्हणून ड्रायव्हर तोंडानंच "हो बाजू!" ओरडे. ब्रेक सपाट रस्त्यावर लागे, उतारावर त्याच्या मर्जीवर. एवढं सगळं आम्ही चालवून घेतलं. पण इंजिन पाचसात मैल गेलं की खोकू लागे, दोन आचके देई आणि बंद पडे. अर्धा तास तसंच उभं ठेवलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई.

ड्रायव्हरला आम्ही उस्ताद म्हणायचो, कारण त्यानंच तसं म्हणायला सांगितलं होतं. जातीनं धनगर, मेंढरं सोडून जागीरदाराच्या मोटारखान्यात शिकलेला. दर वेळी तो बॉनेट उघडून नवं निदान सांगे.

"मालक, पिलग गेलाय."

प्लग बदलले. मग कॉइल गेली, तीही बदलली. मग म्हणाला, "पंपाला दम लागतोय." सोलापूरहून पंप आणला. माझ्या बायकोनं पुढच्या दिव्याला लिंबू-मिरची बांधली. सगळ्या उपायांत तो स्वस्त होता आणि गुण इतरांएवढाच आला.

लढाईमुळं पेट्रोल कुपनावर मिळे आणि तिघांची कुपनं एका टाकीत ओतायची म्हणजे संशयाला जागा. त्यावर वकीलसाहेबांनी तोड काढली. टाकीच्या टोपणावर फडकं बांधायचं, सुतळी आवळायची आणि वर लाखेचा शिक्का मारायचा. तिघं हजर असल्याशिवाय तो फोडायचा नाही. आम्हाला हे एकदम पटलं. निजामाच्या राज्यात शिक्क्याशिवाय काही खरं नसे. वकीलसाहेबांचे दस्त शिक्क्याचे, चाचांच्या गाठींना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिक्का, माझ्या नमुन्याच्या पिशव्यांनाही शिक्का. पेट्रोलच तेवढं मोकळं कसं ठेवायचं?

दर भरण्याच्या वेळी वकीलसाहेब मेणबत्ती पेटवून टाकीच्या तोंडापाशी लाख वितळवत आणि आपली अंगठी त्यावर दाबत. त्या वेळी उस्ताद वीसएक पावलं लांब, लिंबाच्या झाडाआड जाऊन उभा राही.

"पाहिलंत?" वकीलसाहेब आम्हाला म्हणत. "शिक्का मारताना याला नजर देववत नाही."

शेवटी एकदा कार्बोरेटर उघडला तर तो कोरडा. उस्तादच म्हणाला, "पेट्रोल येतच न्हाय." वकीलसाहेबांनी तेवढंच वाक्य उचललं. पेट्रोल येत नाही, कारण टाकीत नाही. टाकीत नाही, कारण कोणी काढलं. वरचा शिक्का शाबूत, म्हणजे खालच्या बुचातून काढलं. बुचाचा पाना कोणाकडं? उस्तादकडं. त्यावरून ती हॉटेलातली बैठक.

उस्तादचा चेहरा उतरला. त्याला छत्तीस रुपयांचं दुःख होतंच, पण जिल्ह्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. पेट्रोलचोर म्हणून नाव पडलं तर दुसरा मालक त्याला दारात उभा करणार नव्हता. वकीलसाहेब तर पोलीस ठाण्यावर अमीनसाहेबांकडं फिर्याद द्यायचं बोलत होते.

"शिक्का फोडा अन् आत बघा की," उस्ताद म्हणाला.

"बंद पडते तेव्हा फोडला पाहिजे. आत्ता बघून काय सिद्ध होतं?" वकीलसाहेब म्हणाले.

"मग तिघं बी माझ्यासंगं चला. एक खेप. निघताना पेट्रोल तुमीच भरा, तुमीच शिक्का मारा. चोर निघालो तर मेंढरामागं जातो परत."

पुढच्या गुरुवारी चाचांना सोलापूरला जायचं होतंच. तिघंही निघालो. खालच्या बुचावर वकीलसाहेबांनी आणखी एक शिक्का मारला. तुळजापूरपर्यंत इंजिन दोनदा बंद पडलं, पण तिथं सपाट होतं; लाख वाचवायला वकीलसाहेबांनी शिक्का फोडणं परतीवर ढकललं आणि आम्ही गाडीतच पान खाऊन वेळ काढला. जाताना घाट उतरून गेलो. परत येताना, कापडाच्या गाठी मागं लादलेल्या, ऐन चढावर इंजिन खोकलं. दोन आचके, आणि बंद.

मोटार थांबली नाही. ती हळूहळू मागं निघाली.

"चाकाला उटी लावा! उटी!" उस्ताद दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहून ओरडला.

दाराजवळ वकीलसाहेब होते. दार धरायचं काम त्यांच्याकडं, ते त्यांनी सोडलं आणि शेरवानीसकट खाली उडी टाकली. रस्त्याकडेचा धोंडा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी चाकामागं सारला. मोटार धोंड्याला टेकून उभी राहिली. दरीकडं किती अंतर उरलं होतं, ते मोजायला मी गेलो नाही. हिशेब चुकवण्याची माझी ती एकच वेळ.

"वकीलसाब," चाचा गाठींवरून उतरत म्हणाले, "इतक्या चपळाईनं कधी तारखेला उभे न्हाय राहिलात."

"आता फोडा शिक्का," उस्ताद म्हणाला.

तिघांसमक्ष वरचा शिक्का फोडला. सुतळी सोडून टोपण फिरवलं, तर टाकीनं सूं करून मोठ्ठा श्वास आत ओढला. मी काडी घालून पाहिली. निम्म्याच्या वर ओली. खालचा शिक्का जसाच्या तसा होता. उस्तादनं हँडल मारलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

वकीलसाहेबांनी मात्र लगेच खिशातून लाख काढली. कायद्यानं उघडलेलं कायद्यानं बंद झालं पाहिजे. मेणबत्ती पेटली तसा उस्ताद पुन्हा पळाला.

"अरे, आता तरी का पळतोस?"

"साहेब, पेट्रोलच्या तोंडाशी तुमी दिवा लावता. लेकरंबाळं हायत मला!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि वकीलसाहेबांनी मेणबत्ती फुंकली. चाचा तोपर्यंत टोपण हातात घेऊन बसले होते. चाकूच्या टोकानं त्यांनी जुनी लाख खरवडली, तशी टोपणाच्या मधोमधच्या बारीक भोकातून लाखेचा एक खिळा बाहेर आला.

"भाऊ," चाचा मला म्हणाले, "रॉकेलच्या डब्याला भोकं किती पाडता?"

"दोन," मी म्हणालो. "एकच पाडलं तर तेल येत नाही. दुसरं हवेला."

"आन् आपण हे दुसरं गेले पाच महिने कायद्यानं बंद करतोय."

उस्ताद आधी हसला नाही. मग इतका हसला की पुन्हा उटीकडं लक्ष ठेवायला मला जावं लागलं. टोपण नुसतं लावून आम्ही निघालो आणि धाराशिवपर्यंत इंजिन एकदाही खोकलं नाही. दरवाजा मी धरला.

मोटार हॉटेलसमोर थांबली. वकीलसाहेबांनी छत्तीस हाली मोजून पुढं केले. उस्तादनं हात लावला नाही.

"चोर म्हनताना अख्ख्या हॉटेलाला ऐकू गेलं होतं, साहेब. आता मोजा बी तसंच. अन् हाली नको, इंग्रजी कलदार द्या. घाटात जीव वाचला, त्याला थोडी चढती किंमत लावा."

"कलदार कशाला?" वकीलसाहेब कुरकुरले.

"द्या हो," चाचा म्हणाले, "धोंडा उचलायची मजुरी तुम्ही मागत न्हाय, तेवढ्यात फिटलं." सोलापूरच्या व्यापारामुळं कलदार त्यांच्याच कमरेला होते, त्यांनी काढून दिले.

वकीलसाहेब एकपासून मोजू लागले. दहानंतर चहा पिणारे त्यांच्याबरोबर मोजू लागले, आणि छत्तीसला सगळ्या हॉटेलानं एकच गलका केला. उस्तादनं प्रत्येक रुपया दगडी ओट्यावर वाजवून घेतला.

त्या दिवशी दिलेली रक्कम छत्तीस रुपये कलदार; सात हालीला सहा कलदार या भावानं बेचाळीस हाली, तिघांत चौदा-चौदा. ते ड्रायव्हरला पोचले.